कॅलेंडरच्या कागदाखालचा सुविचार

मी कमी बोलणारा माणूस आहे. स्टाफरूममध्ये पंचवीस वर्षं बसलो, पण माझं एखादं वाक्य कुणाच्या लक्षात राहिलं असेल असं वाटत नाही. लोक याला सज्जनपणा म्हणत आले आणि मी म्हणू दिलं. खरं असं आहे की मला एक गोष्ट सांगायची नव्हती. एक गोष्ट दडवायची ठरवली की तिच्या आजूबाजूच्या दहा गोष्टी गिळाव्या लागतात, आणि हळूहळू माणूस गप्पच होतो.

आमच्या शाळेतल्या चित्रकलेच्या सरांच्या पत्नीला बारा वर्षं एवढंच जाणून घ्यायचं होतं की आपला नवरा आपल्याशी खरं बोलला की खोटं. त्याचं उत्तर ठाऊक असलेला जगात एकच माणूस उरला होता, आणि तो रोज सकाळी तिच्या दारावरून मोटरसायकलनं शाळेत जात होता.

आमची शाळा कुंभार पिंपळगावापासून जवळच, एका खेड्यात. खाजगी संस्थेची. परिपाठाला सगळीकडे असतं तेच आमच्याकडेही : प्रार्थना, प्रतिज्ञा, दिनविशेष, सुविचार. फक्त सुविचाराची आमची एक वेगळी रीत होती, आणि ती चित्रकलेच्या सरांनी पाडलेली. आदल्या दिवशी शाळा सुटली की ते व्हरांड्यातल्या फलकावर रंगीत खडूनं चित्र काढायचे. चित्राखाली सुविचार लिहायचे. फलकाच्या चौकटीला दोन खिळे मारून घेतले होते, त्यांना जुन्या कॅलेंडरचा कागद उलटा करून अडकवायचे, खडू पुसणार नाही एवढा सैल. सकाळी पोरं चित्र बघून आत काय लिहिलं असेल ते ओळखायची. मग कागद निघायचा आणि सगळी शाळा तो सुविचार तीनदा मोठ्यानं म्हणायची.

एकदा मडक्यात थेंब थेंब पाणी पडतंय असं चित्र होतं. पाचवीतल्या पोरीनं हात वर केला. “सर, मला आलं. नळाला वायसर बसवा!”

सर इतके हसले की त्यांना खाली बसावं लागलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी खरोखर टाकीच्या नळाचं वायसर बदलून घेतलं.

पोरं त्यांच्या मागं मागं असायची. मी गणिताचा. माझ्या मागं कोण येणार? मला त्याचं काही वाटत नाही असं मी स्वतःलाही सांगत असे.

संस्थेचं बोधचिन्ह वडाचं झाड. गेटवर, प्रगतिपुस्तकावर, आमच्या गळ्यातल्या ओळखपत्रावर, सगळीकडे वड. आणि शाळेत मुख्याध्यापक अध्यक्षांचे मेहुणे, क्लार्क त्यांचा पुतण्या, शिपाई त्यांच्या सासुरवाडीचा. त्यामुळे स्टाफरूममध्ये, मुख्याध्यापक बाहेर असले की, एक वाक्य ठरलेलं होतं. कुणाची वेतनश्रेणी अडली, कुणाची बढती हुकली, की कुणीतरी खिडकीबाहेर गेटकडे बघत म्हणायचं, “वडाखाली दुसरं काय उगवून राह्यलंय, सर?” आणि सगळे हसायचे. चित्रकलेचे सर हसत नसत. त्यांना अध्यक्षांनीच नोकरी दिली होती, आणि त्याबद्दल त्यांच्या मनात साधा, सरळ आदर होता. तोही मला खुपायचा.

हिवाळ्यातली गोष्ट. संध्याकाळी मी प्रश्नपत्रिका काढत थांबलो होतो. निघताना व्हरांड्यात आलो तर फलकावर वडाचं मोठं झाड. पारंब्या एवढ्या सुबक की हात लावावा. झाडाच्या पायथ्याशी लहान लहान रोपटी. मी कागद उचलून आत बघितलं. लिहिलं होतं : सावली देणारा स्वतः उन्हात उभा असतो.

मला हसू आलं. म्हणजे उद्या सगळ्या शाळेनं अध्यक्षांची आरती करायची. मी खिशातून रुमाल काढला, ओळ पुसली आणि सरांच्या अक्षरात दुसरी लिहिली. त्यांचं अक्षर मला चांगलं जमायचं. डाव्या हातानं लिहितो म्हणून लहानपणी मी फार मार खाल्ला, आणि त्या रागानंच अक्षर घोटून घोटून कुणाचंही काढायला शिकलो होतो. लिहिलं : मोठ्या झाडाच्या सावलीत दुसरं काही उगवत नाही.

चित्राला ते वाक्य असं चपखल बसलं की मीच दोन पावलं मागं सरून बघत राहिलो. चित्र तेच होतं. पण आता झाड वेगळं दिसत होतं. रोपटी खुरटलेली वाटत होती. मी फक्त खालची ओळ बदलली होती आणि वरचं झाड काळवंडलं. तेव्हा मला त्याची गंमत वाटली. त्या गमतीच्या तळाशी काय होतं ते वर सांगितलंच आहे.

कागद परत अडकवून मी घरी गेलो.

सकाळी पोचलो तर मैदानात अध्यक्षांची गाडी उभी. कुठल्याशा लग्नाला चालले होते, वाटेत शाळा दिसली म्हणून थांबले. परिपाठ सुरू व्हायचाच होता. आमच्याकडे पाहुणा आला की सगळं त्याच्या हस्ते होतं, मग ते झाड लावणं असो की पंख्याचं बटण दाबणं. मुख्याध्यापक म्हणाले, “आज सुविचाराचं अनावरण साहेबांच्या हस्ते.”

मी पुढं व्हायला हवं होतं. फलक माझ्यापासून दहा-बारा पावलांवर होता. काहीतरी निमित्त काढून, ठेच लागल्यासारखं करून, तो कागद फाडायला हवा होता. मी शिक्षकांच्या रांगेत हात मागं बांधून उभा राहिलो.

अध्यक्षांनी हसत कागद काढला. त्यांच्याजवळ चष्मा नव्हता, त्यामुळे त्यांना लगेच वाचता आलं नाही. पण पोरांना काय? तीनशे पोरांनी सवयीप्रमाणे एका सुरात म्हटलं, मोठ्या झाडाच्या सावलीत दुसरं काही उगवत नाही. पहिल्यांदा म्हटलं तेव्हा मुख्याध्यापकांचं तोंड उघडं राहिलं. दुसऱ्यांदा म्हटलं तेव्हा अध्यक्षांनी मान वळवून गेटवरच्या झाडाकडे बघितलं. तिसऱ्यांदा म्हणू नका असं सांगायचं कुणालाच सुचलं नाही.

चित्रकलेचे सर फलकाकडे बघत होते. मग त्यांनी स्वतःच्या बोटांकडे बघितलं, जणू त्यांना काही विचारायचं होतं. म्हणाले, “हे माझं न्हाई.”

“अक्षर तर तुमचंच आहे, सर,” अध्यक्ष म्हणाले. आवाज चढवला नाही. चहा घेतला, पोरांना पेढे वाटायला सांगितलं आणि लग्नाला गेले.

चार दिवसांनी सर स्टाफरूममध्ये आले. दारातच उभे राहून म्हणाले, “माफीनामा मागून राह्यलेत. जे मी लिव्हलं न्हाई त्याची माफी कशी मागू? कुणी गंमत केली असंल तर सांगा. मी बिलकुल रागावणार न्हाई. कुणाचं नाव बी घेणार न्हाई, मला फक्त घरी सांगायचंय.”

घरी सांगायचंय, असं म्हणाले होते. तेव्हा मला ते कळलं नाही. सगळ्यांनी माना खाली घातल्या. मी उत्तरपत्रिकांचा गठ्ठा सोडून परत बांधला.

त्यांनी माफीनामा दिला नाही. संस्थेची दुसरी शाळा जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला, भोकरदनच्या पुढं, पिंपळगाव रेणुकाईच्या बाजूला. तिकडे बदली झाली. निरोपाला एक जण म्हणाला, “सर, एका पिंपळगावातून दुसऱ्या पिंपळगावात चाललात, याला काय बदली म्हणायची?” हसलो आम्ही. मी पण हसलो. घरी म्हातारे आईवडील, म्हणून वहिनी इथेच राहिल्या. सर तिकडे खोली करून एकटे. शनिवारी येणार, सोमवारी पहाटेच्या गाडीनं जाणार. असं सहा वर्षं चाललं. तिकडे त्यांनी फलकावर एकही चित्र काढलं नाही असं ऐकलं. सातव्या वर्षी एका सकाळी दार उघडलं नाही म्हणून घरमालकानं कडी तोडली. हृदयविकाराचा झटका. मी त्यांना मारलं असं म्हणणार नाही. पण ते आपल्या घरात, आपल्या माणसांत गेले असते, एवढं माझ्या नावावर आहे.

दहाव्याला मी गेलो. पंगतीत वाढलं. वहिनी मला भाऊजी म्हणायच्या. म्हणाल्या, “भाऊजी, तुम्ही बसा आता, किती दमले.”

ही झाली आधीची हकिकत.

गेल्या वर्षी नवीन जालन्याला आमचं दोन दिवसांचं प्रशिक्षण झालं. शिक्षकानं एआय कसं वापरायचं, वगैरे. परत आल्यावर आमच्या विज्ञानाच्या तरुण सरांनी संस्थेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर खेळ सुरू केला. ॲपमध्ये एक सुविचार टाकायचा, ते त्याचं चित्र करून देतं. चित्र सकाळी ग्रुपवर टाकायचं आणि बाकीच्यांनी सुविचार ओळखायचा. दोन्ही शाळांचे मिळून पन्नासेक शिक्षक. बारी ठरलेली. हा खेळ आपल्याकडे आधी होता हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. जुने फार थोडे उरलेत, आणि जे उरलेत ते विसरायला हुशार आहेत.

सुरुवातीला मजा आली. एकीच्या बळाचं चित्र आलं त्यात पाच माणसं आणि सात हात होते. इंग्रजीच्या मॅडमनी लिहिलं, “अनेक हात, काम कमी?” दुसरे म्हणाले, “न्हाई मॅडम, हे आपलं निवडणुकीचं काम आहे, हात सात अन् माणसं पाच.” वेळेच्या महत्त्वाचं चित्र आलं त्यात घड्याळाला चौदा आकडे. सगळी पोरं एकाच चेहऱ्याची, एकाच बाजूला बघणारी. आणि जिथे पाटी असेल, फळा असेल, तिथे मराठीसारखी दिसणारी पण मराठी नसलेली अक्षरं. वरची रेघ बरोबर, काना-मात्रा बरोबर, पण वाचायला गेलं की काहीच नाही. ती अक्षरं मला बघवत नसत. नजर त्यांच्यावरून घसरायची, पुन्हा तिथेच जायची. आता लागेल, आता लागेल असं वाटायचं.

माझी पहिली बारी आली तेव्हा मी टाकलं, गेलेली वेळ परत येत नाही. चित्रात शाळेचा व्हरांडा आला आणि मागे वडाचं झाड. मी म्हटलं, ठीक आहे, गावची शाळा म्हटलं की यंत्राला वड सुचत असेल. दुसऱ्या बारीला टाकलं, गुरूचं ऋण फिटत नाही. पुन्हा व्हरांडा, पुन्हा वड, आणि झाडाच्या पायथ्याशी लहान रोपटी. फळ्यापाशी एक माणूस पाठमोरा उभा. पांढरा शर्ट, मान किंचित वाकलेली. फळ्यावर काहीतरी लिहीत होता. लिहिलेलं लागत नव्हतं.

मी ते चित्र टाकायला नको होतं. पण सकाळचे सव्वानऊ झाले होते आणि सगळे वाट बघत होते. टाकलं. स्टाफरूममध्ये माझ्या आजूबाजूलाच लोक फोनवर बोटं चालवू लागले. विद्या विनयेन वगैरे आलं. आणि मग एक उत्तर आलं.

सावली देणारा स्वतः उन्हात उभा असतो.

नावाच्या जागी चित्रकलेच्या सरांचं नाव. शेजारी त्यांचाच फोटो, फेटा बांधलेला, कुठल्याशा स्नेहसंमेलनातला.

तो नंबर ग्रुपमधून कुणी काढलाच नव्हता. सर गेले तेव्हा त्यांना श्रद्धांजलीचे मेसेज याच ग्रुपवर पडले होते, म्हणजे त्यांनाही पोचले होते. आता त्याखाली जोडलेल्या हातांची दोन-तीन चिन्हं आली. मुख्याध्यापकांनी लिहिलं, “वहिनी का? नमस्कार.” विज्ञानाचे सर हसून म्हणाले, “उत्तर चुकीचं आहे, पण बसतंय मात्र बराबर.”

मी ते उत्तर पुन्हा वाचलं. नंबर कोण वापरत असेल हे मलाही कळत होतं. भीती त्याची नव्हती. ते वाक्य मी पुसलेलं होतं. सर वगळता ते फक्त मी वाचलं होतं. त्यांनी ते लिहिलं संध्याकाळी, मी ते पुसलं अर्ध्या तासानं, आणि सकाळी जगानं जे वाचलं ते माझं होतं. ती ओळ माझ्या रुमालात गेली होती. बारा वर्षांनी ती त्यांच्या नावाखाली, त्यांच्या फोटोशेजारी उमटली होती, आणि तीही मी पाठवलेल्या चित्राला उत्तर म्हणून.

गणिताच्या तासाला मी फळ्याकडे पाठ करून शिकवलं. फळ्यावर लिहिलंच नाही. पोरांना वाटलं सर आजारी आहेत.

घरी आल्यावर मी ॲपमध्ये मागं जाऊन मी काय काय टाकलं होतं ते वाचलं. तिथे एक गोष्ट कळली. मी नुसता सुविचार टाकत नव्हतो. पुढं शब्द जोडत होतो. व्हरांडा, काळा फलक, रंगीत खडू, वडाच्या पारंब्या, पायथ्याशी रोपटी. मीच लिहिलेलं होतं, माझ्याच फोनवर, आणि लिहिताना मला ते नुसतं तपशील भरल्यासारखं वाटलं होतं. यंत्राला काही ठाऊक नव्हतं. मीच त्याला एकेक गोष्ट पुरवत होतो. तेवढ्यानं मला बरं वाटायला हवं होतं. पण पाठमोरा माणूस मी कुठंच मागितला नव्हता. मी तीनदा वाचलं. नव्हता.

त्यानंतर मी मुद्दाम दुसरेच सुविचार टाकले. आरोग्य हीच संपत्ती. एवढंच, पुढं एक शब्द नाही. चित्रात टोपलीत फळं आली, सूर्य उगवताना आला, आणि कोपऱ्यात, दाराच्या चौकटीत, तो उभा. पाठमोरा, लिहिताना असतो तसा हात वर. दुसऱ्यांदा करून बघितलं तर नव्हता. तिसऱ्यांदा पुन्हा होता, जरा जवळ. मी पहिलंच चित्र ग्रुपवर पाठवलं. का पाठवलं, सांगता येत नाही. बहुतेक मला कुणीतरी विचारायला हवं होतं.

त्याच नंबरावरून उत्तर आलं. या वेळी सुविचार नव्हता. “हा माणूस पुन्हा का आला? आधी वाटलं आमचे सर. पण सर उजव्या हाताने लिहायचे. हा डावा आहे.”

स्टाफरूममध्ये सगळ्यांनी एकदमच वाचलं असावं. कुणीतरी म्हणालं, “खरंच की, डावखुरा आहे.” आणि इंग्रजीच्या मॅडम हसत माझ्याकडे वळल्या, “मंग आपल्या दोन्ही शाळांत डावखुरे एकच आहेत. काय सर, फोटो कधी काढून घेतला?”

सगळे हसले. मीही तोंड हसरं केलं. माझ्या डाव्या हातात तेव्हा लाल पेन होता. मी तो खाली ठेवला, उजव्या हातानं उचलला, परत ठेवला. चित्रातल्या पाठीला मी इतके दिवस त्यांची पाठ समजत होतो. आपली पाठ आपल्याला कधी दिसत नाही, म्हणून ओळखू आली नाही.

दुपारच्या सुट्टीत मला त्या नंबरावरून वेगळा मेसेज आला, फक्त मला. मी तो जसाच्या तसा लिहितो.

“भाऊजी, ह्यांची एक वही सापडली. रोजचं चित्र आधी वहीत काढायचे आणि त्याच पानावर सुविचार लिहायचे. वडाच्या झाडाच्या पानावर सावली देणारा असं लिव्हेल आहे. फळ्यावर दुसरं होतं म्हणतात. तुम्ही तिथं होता. मला एवढं सांगा, ह्यांनी फळ्यावर वहीतलं लिव्हलं का दुसरं? मी ह्यांना खोटं ठरवलं होतं. दुसऱ्या कोणाला विचारावं ते कळेना. तुम्ही कमी बोलता पण खरं बोलता.”

मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली.

घर तेच. समोरच्या खोलीत सरांचा फोटो, हार वाळलेला. म्हातारे दोघंही आता नाहीत. वहिनींनी पाण्याचा तांब्या ठेवला आणि समोर बसल्या. वही मांडीवर होती. मी ती मागितली नाही.

मी सांगितलं. रुमालापासून सांगितलं. गाडी मैदानात उभी होती तिथपर्यंत आलो तेव्हा त्यांनी हात वर केला, थांबा म्हणून. 

“म्हणजे ते खरं बोलत होते,” त्या म्हणाल्या.

“हो.”

“म्हणजे ते खरंच बोलत होते.”

मी मान हलवली.

“त्या दिशी घरी आले अन् म्हणले, ते मी लिव्हलं न्हाई. मी काय म्हणले ठाऊक आहे? म्हणले, फळा तुमचा, खडू तुमचा, अक्षर तुमचं. तुम्ही न्हाई लिव्हलं तर काय भुतानं लिव्हलं? माफी मागा अन् मिटवा, लेकरासारखं खोटं बोलू नका.” त्या फोटोकडे बघत नव्हत्या, दाराकडे बघत होत्या. “सहा वर्षं दर शनिवारी यायचे. मी तो विषय काढला की म्हणायचे, तू तरी खरं मान. मी म्हणायचे, मानलं, जेवा आता. मानलं नव्हतं. त्यांना कळायचं ते.”

मी म्हणालो, “वहिनी, माझी चूक...”

“सर,” त्या म्हणाल्या. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी मला सर म्हटलं. “तुम्ही रोज ह्या दारावरून जायचे ना?”

“हो.”

“दहाव्याला आल्ते.”

“हो.”

“पंगतीत वाढलं तुम्ही. मी बसा म्हणले तुम्हाला.”

“हो.”

“मंग आज काहून आले?”

मी म्हणालो की ती चित्रं यायला लागली, आणि त्यांचा मेसेज आला.

“अन् चित्रं नसती आली तर?”

  बाहेर कुणीतरी भंगारवाला ओरडत गेला. त्याचा आवाज गल्लीच्या टोकाला जाईपर्यंत आम्ही दोघं ऐकत बसलो.

मग त्या उठल्या, आतून एक कोरा फुलस्केप आणि पेन घेऊन आल्या. “लिव्हा. मला सांगितलं ते सगळं. खाली सही.”

मला सेवानिवृत्तीला सहा वर्षं आहेत. मुलगी बारावीला आहे. मुख्याध्यापक अजून तेच आहेत, अध्यक्षही. हे सगळं मनात आलं, आणि आलं हे लपवत नाही. मी म्हणालो, “वहिनी, तुम्हाला कळलं, एवढं पुरं नाही का?”

“मला कळायला उशीर झाला. आता बाकीच्याला तरी कळू द्या.”

मी लिहिलं. डाव्या हातानं, माझ्या अक्षरात. त्यांनी उभ्यानं वाचलं. एका ठिकाणी बोट ठेवलं. “हे ‘अनवधानाने’ खोडा.” मी खोडलं. “हे ‘गैरसमज झाला’ बी खोडा. कुणाचा गैरसमज झाला न्हाई. तुम्ही लिव्हलं, तसं लिव्हा.” मी लिहिलं, ते वाक्य मी लिहिले. एवढी चार शब्दांची ओळ, पण तिच्यावर पेन दोनदा अडला.

त्यांनी कागद खुर्चीवर ठेवला, सरांच्या फोननं त्याचा फोटो काढला आणि मला न विचारता ग्रुपवर पाठवला. माझ्या खिशात फोन थरथरला. मी काढून बघितला. सरांचं नाव, फेट्यातला फोटो, आणि त्याच्याखाली माझं अक्षर.

पहिलं उत्तर लगेच आलं. दुसऱ्या शाळेतल्या कुणीतरी, बहुतेक चित्र न उघडताच, लिहिलं होतं : हिंट द्या.

वहिनींनी ते वाचलं.  फोन उलटा करून ठेवला.

“आता जा तुम्ही,” त्या म्हणाल्या. “मला त्यांच्याशी बोलायचंय.”

मी बाहेर आलो. पायरीवर बसून चपला घातल्या. एका चपलेचा पट्टा अडकत नव्हता, त्यामुळे वेळ लागला. दार लोटलेलं होतं, बंद नव्हतं. आत त्या बोलायला लागल्या. रडत नव्हत्या. स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीत बसलेल्या माणसाला हाक मारतात, तसा साधा आवाज.

“अहो, ऐकलं का?”

मग त्या थांबल्या. कुणी उत्तर द्यायला जितका वेळ घेईल, बरोबर तितक्याच थांबल्या.

“हां,” त्या म्हणाल्या, “तेच सांगते.”